ओळ उचलणारी पोरं

त्या सकाळी भांडण लाल माठाच्या भाजीवरून पेटलं आणि शाळेवर जाऊन थांबलं. आमच्या शेवरपाड्यात भांडणाला कुठलंही निमित्त पुरतं.

शेवरपाडा म्हणजे मुलुंडच्या डोंगराच्या पोटाशी चिकटलेली आमची वस्ती. वरच्या अंगाला जंगलाची भिंत, खालच्या अंगाला टॉवर. टॉवरवाले आम्हाला झोपडपट्टी म्हणतात, पण आमच्यातले निम्मे लोक अजून आपापल्या गावातच राहतात, फक्त पत्ता इथला देतात. भिंतीला लागून जमिनीची एक पट्टी आहे. तांबडा मुरूम, कुदळ मारली की हात झिणझिणतात. तिथं दोन म्हाताऱ्यांनी टोपल्यांनी माती वाहून वाफे केलेत. एक काशीराम बुवा, देवगडकडचे, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी करून आता घरी बसलेले. दुसरा धोंडिराम, माण तालुक्यातला, दुष्काळात पोरंबाळं घेऊन आला तो इथलाच झाला. एकाला पाणी ओतायची खोड, दुसऱ्याला पाणी जपायची. मग रोज सकाळी दुसरं काय होणार?

"बुवा, किती पानी घालताय? मुळं कुजत्याल की," धोंडिराम म्हणाला.

"पावसाच्या मुलखातलो मी. माका पाणी शिकवू नको."

"तुमच्या मुलखात देव वततो. हितं फुटक्या पाइपातनं येतंय ते. उद्या कुनी पाइप बुजवला तर काय पेटी वाजवून पाऊस पाडताय?"

मी खाली रिक्षा पुसत होतो आणि मजा ऐकत होतो. बुवांच्या भजन मंडळात मी पखवाज वाजवतो, त्यामुळे भांडणात मी बुवांच्या बाजूचा, असं सगळ्यांनी धरलेलं असतं. खरं तर माठाच्या बाबतीत धोंडिरामचं बरोबर होतं.

तेवढ्यात श्रुतिका चढण चढून धापा टाकत आली. ही बुवांची नात, सातवीत शिकणारी. छातीशी एक जाडजूड पुस्तक धरलेलं.

"आजोबा, आमची शाळा प्रश्नमंजुषेत आहे. मी, सुयोग आणि प्रितम. दर्शना बाईंनी आमची नावं दिली. फायनल त्या खालच्या मोठ्या शाळेत आहे. आणि जिंकलो ना, तर तिथं आठवी ते दहावी फुकट. बस पण त्यांचीच."

प्रितम म्हणजे धोंडिरामचा नातू. पण म्हाताऱ्याच्या तोंडावर आनंद काही दिसेना.

"फुकाट म्हंजे कुनाला तरी आधीच ठरवून ठिवलेलं आसंल," तो म्हणाला.

"तुझ्या तोंडात कधी चांगला येणार नाय. पोरां मेहनत करतली आणि जिंकतली."

"मेहनत. बुवा, त्या शाळंत नुसत्या या असल्या गोष्टींसाठी येगळा मास्तर हाय. येगळी खोली हाय. आपल्या शाळंत एक बाई, तीन वर्ग, आन् प्रयोगाच्या खोलीत मतदानाच्या पेट्या. पैका शाळंला लागतो, पोरांला न्हाई. पोरं सगळीकडं सारखीच."

"मी गिरणीत असताना रात्रपाळी करून भजनाच्या डबलबारीत समोरच्या बुवाक हरवलंय. खयचो पैसो होतो तेव्हा?"

"समोरचा बुवा बी गिरनीतलाच व्हता न्हवं? त्येच्याकडं तरी कुठं पैका व्हता?"

बुवांनी माठाला अजून एक तांब्या पाणी घातलं.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे पोरगी पुस्तक एवढं घट्ट का धरून उभी होती ते कळेल. आमची पाड्याची शाळा सातवीपर्यंतच. पुढची मराठी शाळा हायवेच्या पलीकडं. श्रुतिकाचा बाप शिवदास कुरियरमध्ये, आई नीला टॉवरमध्ये घरकामाला, दोघं रात्रीच घरात. एकटी मुलगी हायवे ओलांडून जाणार नाही, असं शिवदासनं ठरवून टाकलं होतं. जूनच्या आत तिला गावी मामाकडे पाठवायचं. गावी शाळा आहे, असं तो सगळ्यांना सांगायचा. गावी मामीची दोन तान्ही पोरं आहेत आणि काजूच्या बिया वेचायला माणूस मिळत नाही, हे तो सांगायचा नाही.

"मला मामाकडे नाही जायचं, आजोबा," श्रुतिका म्हणाली. हे ती त्याआधीही म्हणाली असेल, पण त्या दिवशी पुस्तक हातात असल्यामुळे ते सगळ्यांना ऐकू आलं.

बुवांनी चिखलाचे हात लेंग्याला पुसले. "नाय जावचा तुका. मी आसंय."

पुस्तक शाळेमागे एकच मिळालं होतं. बाकीची विकत घ्यायची. मोठ्या शाळेनं म्हणे पोरागणिक घेतलं आणि वर टॅबलेटमध्येही भरून दिलं. आमच्या शाळेचं झेरॉक्स मशीन कापड पांघरून बसलेलं, त्यात घालायची पूड कधी यायची ती येत होती. दर्शना बाई चांगल्या, मनापासून शिकवणाऱ्या. पण त्याच आठवड्यात त्यांना मतदारयाद्यांच्या कामाला लावलं. बाई हातात गठ्ठा घेऊन दारोदार माणसं शोधत फिरायच्या आणि त्यांचा वर्ग बाईंना शोधत बसायचा.

मग एका पुस्तकावर तीन पोरं पडली. प्रितमला रात्री पाहिजे, सुयोगला सकाळी पाहिजे, श्रुतिका कोणाला देईना. सुयोग हा आमच्या शेजारच्या किराणावाल्याकडे काम करणाऱ्या जानकीचा मुलगा, स्वभावानं गरीब, पण पुस्तकासाठी त्यानंही प्रितमची कॉलर धरली. ओढाताणीत पुस्तकाची पाठ उसवली आणि 'आपलं शरीर' हा आख्खा धडा सुटा होऊन गटाराच्या कडेला पडला.

बुवांनी तो धडा उचलला, झटकला, पुस्तक काखेत मारलं.

"पुस्तक आजपासून माझ्याकडे ऱ्हवतला. तुम्ही तिघांनी फक्त कान उघडे ठेवा. अनंता, पखवाज घेवन ये."

मला वाटलं म्हातारा चिडून भजनाला बसला. पण त्यांनी पेटी ओढली, चष्मा चढवला, तो सुटा धडा समोर धरला आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी जुळवत बसले. कोकणी भजन ज्यांनी ऐकलंय त्यांना ठाऊक असेल, बुवा ओळ टाकतो आणि मागचे ती उचलतात. मागच्यांना आम्ही कोरस म्हणतो. बुवांनी भजनातल्या गजराच्या जलद चालीत पहिली ओळ टाकली.

"अ नसता..."

पोरं बघतच राहिली.

"अरे उचला. रातांधळेपणा."

"रातांधळेपणा," पोरं म्हणाली.

"ब नसता..."

"बेरीबेरी."

"क नसता..."

"स्कर्व्ही होई."

"ड नसता..."

"मुडदूस घरी."

शेवटच्या 'घरी'वर मी थाप मारली आणि श्रुतिका खुदकन हसली. जीवनसत्त्वांचा धडा चहा थंड व्हायच्या आत पाठ. त्या संध्याकाळी मी भाडं घ्यायला गेलोच नाही.

तिथून पुढं सगळा हिवाळा आमच्या पाड्यात असाच गेला. डोंगरावरून थंडी उतरायची, खालून टॉवरच्या बांधकामाची धूळ चढायची आणि मध्ये बुवांच्या पडवीत नद्या, धरणं, राजधान्या, शोध आणि संशोधक पेटीवर नाचत असायचे. कृष्णेच्या उपनद्या अभंगाच्या चालीत, ग्रह गौळणीच्या. बायका भाकऱ्या थापताना गुणगुणायच्या. मी एकदा सिग्नलला उभा असताना माझ्या तोंडून गुरूनंतर शनी आला, तर मागचं गिऱ्हाईक म्हणालं, काय झालं भाऊ, साडेसाती आहे का? पोरांनी कामं वाटून घेतली होती. प्रितमचा गळा मोठा, तो ओळीला हात घालायचा. श्रुतिका वरच्या पट्टीत ती चढवायची. सुयोग शेवट बांधायचा. तिघांचं मिळून एक पुस्तक तयार झालं होतं, आणि ते उसवणारं नव्हतं.

नाही म्हणायला एकदा सुयोगला ताप आला आणि प्रितम आत्याकडे गेला होता. श्रुतिका एकटीच बसली. बुवांनी मुद्दाम ओळ न टाकता साधं विचारलं, "भीमा नदी खय उगम पावता?" पोरगी गप्प. डोळे वर, ओठ हलतायत, हाताची बोटं मांडीवर ताल धरतायत, पण शब्द येईना. बुवांनी नुसता सूर दिला आणि तिनं धडाधड पाच नद्यांचे उगम सांगून टाकले.

"बघलंस? डोक्यात सगळा आसा," बुवा खूश होऊन म्हणाले. मीही मान डोलावली.

धोंडिराम पायरीवर बसून तंबाखू मळत होता. "पर तिथं पेटी असनार हाय का?" त्यानं विचारलं.

"तू तुझो माठ बघ."

दर्शना बाई एका संध्याकाळी यादीचा गठ्ठा बगलेत घेऊनच आल्या. पोरांनी त्यांना सगळं म्हणून दाखवलं. बाई ऐकता ऐकता भिंतीला टेकल्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बुवा, मी वर्षभरात एवढं करून घेतलं नसतं," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "पण एकेकट्याला येतं ना?"

"एकट्यान काय भजन होता, बाई?" बुवा हसले. बाई काही बोलणार होत्या, पण त्यांचा फोन वाजला. कुठल्यातरी इमारतीत लोक दार उघडत नव्हते. त्या तशाच निघून गेल्या.

पहिली फेरी एका सभागृहात झाली. तिथं तिघांनी एका बाकावर बसून एकाच कागदावर उत्तरं लिहायची होती. आमची तिन्ही डोकी एकत्र आली, हळू आवाजात गुणगुणली आणि कागद भरून मोकळी झाली. आजूबाजूची पोरं कागद ओढत होती, आमची पोरं पाय हलवत बसली होती. शेवरपाड्याची शाळा पहिली आली. दुसऱ्या दिवशी नाक्यावर तिघांचे फोटो असलेला फ्लेक्स लागला. त्यात पुढाऱ्याचा फोटो तिघांपेक्षा मोठा होता, पण एवढं चालतं.

शिवदास फ्लेक्ससमोर बराच वेळ उभा होता. रात्री बुवांना म्हणाला, "बाबा, तिथं सीट मिळाली तर मी कशाला पाठवीन गावी? मला काय हौस आहे? त्यांची बस दारातून नेईल, दारात सोडेल. मिळाली तर बघू."

श्रुतिका आतून ऐकत होती. नीलानं तिला जवळ घेतलं तर ती म्हणाली, "आई, मामाला फोन करून सांग ना, येत नाही म्हणून." नीला म्हणाली, आधी जिंक तर खरं.

फायनलच्या दिवशी बाई बसनं गेल्या, बुवा आणि तिघं पोरं माझ्या रिक्षात. मोठ्या शाळेचं सभागृह म्हणजे आत शिरल्यावर अंगावर काटा येईल एवढं गार. बुवांनी टोपी काढून मफलर गुंडाळला. स्टेजवर प्रत्येक शाळेला एक टेबल, टेबलावर दिवा लागणारं बटण. आमच्या पोरांनी असलं बटण कधी पाहिलं नव्हतं. पहिल्या प्रश्नाला तिघं उभी राहिली आणि हात वर केले. लोक हसले. सूत्रसंचालक कोटवाला होता, पण माणूस बरा होता. त्यानं त्यांना बटण दाबून दाखवलं.

मग आमची पोरं सुटली. प्रितम गुणगुणायचा, श्रुतिका बटण दाबायची आणि तिघंही एका आवाजात उत्तर द्यायची. "एकानंच बोलायचं, बाळांनो," सूत्रसंचालक दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा त्यानं गुण कापले. तरी पोरं मागं हटली नाहीत. बुवा माझ्या शेजारी खुर्चीच्या टोकावर बसले होते. दर उत्तराला त्यांची टाच जमिनीवर पडायची.

शेवटची फेरी आली तेव्हा मोठी शाळा आणि आमची, अशा दोनच शाळा पुढं होत्या. सूत्रसंचालकानं नियम वाचला. प्रत्येक संघाचा एकच विद्यार्थी स्टेजवर. बाकीच्यांनी खाली येऊन बसायचं. दहा सेकंद. बाहेरून कोणीही बोलायचं नाही.

सुयोग आणि प्रितम खाली येऊन बसले. वर टेबलामागं श्रुतिका एकटी. तिघं असताना ते टेबल कधी एवढं मोठं दिसलं नव्हतं. तिनं पहिल्यांदा आमच्याकडं पाहिलं, मग टेबलाकडं.

मोठ्या शाळेची श्वेता नावाची मुलगी आधी आली. चष्मेवाली, नखं कुरतडलेली. तिचं उत्तर चुकलं. ती खाली जाताना रडत होती. बुवांनी माझा हात दाबला. सूत्रसंचालक म्हणाला, "श्रुतिका, हे उत्तर बरोबर आलं तर तुमची शाळा पहिली. ऐक नीट. ड जीवनसत्त्वाच्या अभावामुळे लहान मुलांना कोणता आजार होतो?"

मला एकदम आनंद झाला, कारण हे तर पहिल्या दिवसाचं. हे पाड्यातल्या कोंबड्यांनासुद्धा पाठ होतं.

श्रुतिकाचे ओठ हलायला लागले. आवाज नाही. डोळे वर. टेबलावर बोटं ताल धरतायत. मागं घड्याळाची टिकटिक लावलेली, तिचा ताल वेगळा आणि पोरीच्या बोटांचा वेगळा. खाली सुयोगनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. दर्शना बाई डोळे मिटून बसल्या होत्या. मी बुवांकडे पाहिलं तर त्यांच्या मानेची शीर ताठ झाली होती.

भजनात कोरस अडला की बुवा ओळ देतो. त्यात विचार करायला वेळ लागत नाही. पन्नास वर्षं माणसानं तेच केलंय. समोर आपली माणसं अडलेली दिसली की गळा आपोआप उघडतो. बुवा उभे राहिले आणि त्या गार सभागृहात त्यांनी वरच्या पट्टीत ओळ टाकली.

"अ नसता..."

"रातांधळेपणा," प्रितम आणि सुयोग खालून, श्रुतिका वरून. तिघांचा आवाज असा एकत्र आला की पुढच्या रांगेतला माणूस दचकला. बुवा थांबले नाहीत आणि पोरंही थांबली नाहीत. बेरीबेरी झाली, स्कर्व्ही झाली. "ड नसता..." "मुडदूस घरी." शेवटच्या शब्दावर श्रुतिकाचा चेहरा उजळला होता. तिला वाटलं, झालं.

मग कोणीतरी हसलं, मग टाळ्या पडल्या, आणि सगळीकडं मोबाइल वर आले. बुवांना वाटलं टाळ्या जिंकल्याच्या आहेत. त्यांनी सगळ्यांना हात जोडले.

परीक्षकांची तीन डोकी एकत्र आली आणि लगेच वेगळी झाली. बाहेरून मदत. संघ बाद. दर्शना बाई स्टेजपाशी धावत गेल्या, बराच वेळ बोलत होत्या. परीक्षक समजूतदारपणे मान हलवत होते. नियम सगळ्यांना सारखे, बाई, असं त्यातले एक म्हणाले. ते खोटंही नव्हतं. ढाल मोठ्या शाळेला गेली. त्यांच्यातला एकही पोरगा हसला नाही हे मला सांगायलाच हवं. उलट ती चष्मेवाली श्वेता श्रुतिकाजवळ येऊन म्हणाली, "तुझं बरोबर होतं गं. माझंच चुकलं. आम्ही सुट्टीत पण रोज सातला यायचो, तरी चुकलं."

आम्ही रिक्षात बसून परत निघालो. पाच रस्त्याच्या सिग्नलला बुवा म्हणाले, "अनंता, बाहेरच्यान बोलूचा नाय, असोच नियम होतो मा?"

"हो बुवा."

"मग मी बाहेरचो कसो?"

सिग्नल सुटला, म्हणून मी गाडी काढली.

पाड्यात धोंडिराम भिंतीजवळच उभा होता. आमची तोंडं पाहून त्याला कळलं. मला वाटलं होतं, उद्या सकाळी हा बुवांना सोलून काढणार. पण दुसऱ्या दिवशी बुवा वाफ्यावर आलेच नाहीत आणि धोंडिराम दोघांच्या वाफ्यांना पाणी घालत होता. बुवांच्या माठाला त्यानं भरपूर घातलं.

"काय म्हातारबा, तुझंच खरं झालं ना," मी म्हणालो. मी चिडलेलो होतो, कोणावर तरी काढायचं होतं.

"माझं कुठलं खरं? मेहनत दोघांनी बी केली. त्या मोठ्या शाळंतल्या पोरीनं केली, प्रितम सांगत व्हता, आन् आपल्या पोरांनी बी केली." तो कुदळीवर टेकला. "पर बग, तीन पुस्तकं असती तर तिघं तीन कोपऱ्यांत बसून शिकली असती. येकेकटी. एकच व्हतं म्हनून एका गळ्यात बांधावी लागली. गरिबाची मेहनत बी गरीबच असती, अनंता. बुवांची चूक न्हाई. त्यास्नी सांगू नगस मी काय बोललो ते."

मे महिन्यात श्रुतिका गावी गेली. त्या दिवशी उन्हानं मुरूम तापून पांढरा पडला होता, वाफ्यांत नुसत्या काड्या उभ्या होत्या. बुवा पडवीतून उठले नाहीत. तिनं पाया पडून घेतलं, त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "थय पण शाळा आसा गो." शिवदासनं हे वाक्य त्यांच्याकडून कधी पाठ करून घेतलं होतं देव जाणे.

गाडी सुटायच्या ठिकाणी शिवदास पाण्याची बाटली आणायला गेला, तेव्हा रिक्षात मी आणि पोरगी दोघंच होतो. ती पिशवीच्या बंदाशी चाळा करत होती.

"काका, एक सांगू? आजोबांना सांगणार नाहीस ना?"

"बोल."

"मी क पर्यंत आले होते."

मला आधी कळलंच नाही.

"त्या दिवशी रे, स्टेजवर. मनातल्या मनात म्हणत होते. अ झालं, ब झालं, क झालं होतं. घड्याळात अजून वेळ होता, मी बघितलं होतं. पुढं ड च होतं." तिनं माझ्याकडं पाहिलं. "आजोबा उठले नसते ना काका, तर आलंच होतं. पण तू सांगू नकोस. शप्पथ घे."

मी गळ्याला हात लावला. शिवदास बाटली घेऊन आला आणि गाडीनं हॉर्न दिला.

जूनच्या शेवटी चिखल तुडवत मोठ्या शाळेतली एक बाई बुवांचं घर विचारत वर आली. सलवार घोट्यापर्यंत भिजलेली. माणूस चांगला, बोलणं गोड. बुवांचा तो व्हिडिओ म्हणे फार लोकांनी पाहिला होता. त्यांच्या शाळेतल्या मुलांना पाठांतरासाठी ही पद्धत फार उपयोगी पडेल, तर बुवांनी सगळी गाणी म्हणून दाखवावीत, त्या रेकॉर्ड करून टॅबलेटमध्ये घालतील, बुवांचं नावही देतील.

बुवांनी तिला चहा द्यायला लावला. मग विचारलं, "माझ्या नातीक घेशात काय तुमच्या शाळेत?"

बाईचा चेहरा पडला. "आजोबा, ते माझ्या हातात नाही हो. तिथं नियम आहेत."

"बरां. अनंता, पखवाज आण."

मला वाटलं ते नाही म्हणतील. मला वाटत होतं त्यांनी नाही म्हणावं. पण त्यांनी पेटी ओढली, भाता मोकळा केला आणि मी ठेका धरला. बाईनं मोबाइल समोर ठेवला.

"अ नसता..." बुवांनी ओळ टाकली आणि थांबले. मी ठेका चालू ठेवला. पावसात पत्रा वाजत होता. जेवढी जागा उत्तराला लागते तेवढी त्यांनी मोकळी सोडली आणि मग पुढची ओळ टाकली. "ब नसता..." पुन्हा मोकळी जागा. असं ते शेवटपर्यंत गेले. नद्या म्हणाले, धरणं म्हणाले, सगळे प्रश्न आले, उत्तर एकही आलं नाही.

"आजोबा, उत्तरं राहिली," बाई हळूच म्हणाली.

"उत्तरां माझी न्हयत. ती कोरसाची."

"मग कोरस कुठे आहे?"

"दोघे शाळेत गेले, हायवेच्या पलीकडे. झिलगे मा ते, पोरगे, तेंका कोण अडवीत नाय. एक गावाक आसा."

बाईनं मोबाइल उचलला आणि पुन्हा येते म्हणून निघाली. चिखलात तिचा एक बूट रुतला, तो काढायला मीच खाली उतरलो. वर आलो तेव्हा बुवा पेटीला कापड गुंडाळत होते. त्यांचा चेहरा बऱ्याच दिवसांनी शांत दिसत होता.

"अनंता, मी इचार केलंय," ते म्हणाले. "आपला चेडू, श्रुतिका, गावाक गेला ता गेलाच. पण त्या दिवशी मी ओळ दिलंय म्हणान तरी तेका मुडदूस आठवलो. नायतर एवढ्या लोकांसमोर गप ऱ्हवला असता. तेवढो तरी मान ऱ्हवलो. खरां मा?"

मी पखवाजाच्या वाद्या आवळत होतो. आवळून झालेली वादी मी पुन्हा एकदा आवळली.

"खरं, बुवा," मी म्हणालो.